लटारूभाऊंना वाघाने नेले

लटारूभाऊ ओसरीत बसून भात कालवत होते, तेवढ्यात त्यांची बहीण सुकरी आलापल्लीहून नवऱ्याला घेऊन आली आणि तिने अंगणातच टाहो फोडला.

"अरे माह्या भाऊ रे! कसा नेला रे त्या वाघानं तुले!"

लटारूभाऊंचा घास हातातच राहिला. "कोनाले नेलं?"

"तुले!" असं म्हणून तिने मान वर केली आणि मटकन खाली बसली. "आवं माय! हा तं जेवून राह्यला!"

आतून लटारूभाऊंची सून स्वाती लेकराला कडेवर घेऊन धावत आली. सुकरीचे यजमान झिंगूभाऊ यांनी मोबाइल पुढे केला. त्यात स्वातीची नणंद दिव्यानी हसत होती, मागे वाघ डरकाळी फोडत होता आणि खाली लिहिलं होतं, 'वाघाने वडील नेले, पण जिद्द नेली नाही! चामोर्शी ते जर्मनी. उंच भरारी कन्सल्टन्सी, चंद्रपूर.'

"दिव्यानी!" स्वाती एवढ्या जोरात ओरडली की कडेवरचं लेकरू रडायला लागलं.

दिव्यानी उघडा लॅपटॉप हातात घेऊनच आतून ओसरीत आली. जर्मनीतल्या प्राध्यापकांबरोबरची प्रवेशाची मुलाखत तासाभरावर आली होती. रील पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, मी तं अर्जात पऱ्ह्यांवर लिहिलं होतं. पाऊस ताणला का रोवण्याआधीच धानाचे कोवळे पऱ्हे कसे करपतात, त्याच्यावर. कन्सल्टन्सीचे सर म्हणे, थोडं पॉलिश करतो."

"आणि पाठवायच्या आधी मले वाचू दे म्हटलं होतं, तेव्हा?"

"सर म्हणे, घरच्यांले दाखवलं का मुलं कन्फ्यूज होतात."

स्वातीने तिथल्या तिथे सरांना फोन लावला. प्रफुल सरांचा आवाज गुलाबजामासारखा होता. "मॅडम, शेतकरी वडील सगळ्यांचेच असतात. वाघ युनिक आहे. तिकडचे लोक इमोशनल होतात."

"युनिक? मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली सोनीबाई मोहफूल वेचायला गेली, ती आलीच नाई. तिचे लेकरं अजून दाराकडे पाहत बसतात. तिच्या मरणाचा मसाला करता तुम्ही? एवढाच वाघ पाह्यजे होता, तं तुमचे बाबा द्यायचे त्याले!"

"रागावू नका. मुलाखतीपुरतं बाबांना बाहेर पाठवा. आणि मुलीला सांगा, खरं बोलली तर कायमची ब्लॅकलिस्ट. जर्मनी विसरा."

फोन कट झाला. तोवर शेजारणी डब्यांत वरणभात घेऊन आल्या होत्या, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. लटारूभाऊंनी स्वतःच्याच सुतकाचा एक डबा उघडून चव घेतली. "वरण बरं हाय," ते म्हणाले.

शेजारणींच्या पाठोपाठ वनरक्षक धनराज घामाघूम होऊन आला. "बॉडी कुठी हाय?"

"हे काय, वरण खाऊन राह्यली बॉडी," लटारूभाऊ म्हणाले.

"भाऊ, गंमत नोका करू! गावोगाव तो व्हिडिओ फिरून राह्यला. लोक म्हणतात, पिंजरा लावा. साहेब म्हणतात, पंचनामा आण. मी ठसे कुठून आणू?"

"माह्ये घेऊन जा. चप्पल काढतो."

स्वाती सासऱ्यांकडे वळली. "मामाजी, तो सर म्हणते, तुमाले जरा वेळ वावरात पाठवा."

लटारूभाऊ आता खरोखर तापले. "मले? माह्याच घरातून? वाघानं नाई काढलं, अन् हा चंद्रपूरवाला काढते? मी इथीच बसतो!"

आणि ते भिंतीला टेकून बसले, बरोबर लॅपटॉपच्या बाजूला.

तास भरला आणि स्क्रीनवर पांढऱ्या केसांचे प्राध्यापक आले. दिव्यानीने पुटपुटत विचारलं, "वहिनी, सांगू का खरं? सगळं जाईन माह्यं."

स्वातीला ठाऊक होतं, ही पोरगी कोणत्याही शिकवणीशिवाय जर्मन शिकली होती, भांडी घासताना तिने शब्द पाठ केले होते. पण अंगणात लोक रडायला बसले होते आणि भिंतीशी मयत बोटं चाटत होती.

"सांग," स्वाती म्हणाली.

दिव्यानीने सगळं सांगितलं. मग लॅपटॉप जरा वळवला. लटारूभाऊंनी खरकटेच हात जोडले.

प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते हसत होते की काय, कळेना. "यंदा तुमच्या भागातून आलेल्या एकाही अर्जात वडील उरले नव्हते," ते म्हणाले. "सगळ्यांना वाघानेच नेलेलं, त्याच वाक्यांत. आज मी फक्त त्या वाघाबद्दल विचारणार होतो आणि अर्ज बाजूला ठेवणार होतो. हे पहिलेच जिवंत वडील. बरं, तुम्ही स्वतः काय लिहिलं होतं?"

दिव्यानी पऱ्ह्यांवर बोलत सुटली. मुलाखतीची वेळ संपली तरी प्राध्यापक प्रश्न विचारतच होते.

धानाचा रोवणा आटोपला आणि प्रवेशाचा मेल आला. सुकरी पुन्हा आली, या वेळी पेढे घेऊन. स्वातीला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, त्या सराचा नंबर दे ना. आमच्या पोराले, लोकेशले बी पाठवाचं हाय."

स्वातीची कानशिलं तापली. "आत्याबाई! त्यानं तुमच्या सख्ख्या भावाले मारलं होतं!"

"मारलं, पन काम तं झालं ना?" सुकरीने ओसरीत पेढा खात बसलेल्या नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. "वाघ लय झाले म्हणतात. यायले अस्वलानं नेलं तं चालन का, विचारून पाय."

झिंगूभाऊंनी अर्धा पेढा ताटलीत परत ठेवला आणि ते ओरडले,

"पह्यले मले तं विचारा!"