अण्णांच्या अल्बमचं प्रकाशन

अल्बम ताईंच्या मांडीवर उघडला गेला, तेव्हा अण्णा मुद्दामच खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. स्वतःचं कौतुक चाललेलं असताना माणसानं जरा लांब असावं, असं त्यांचं मत होतं. फार लांब नाही. ऐकू येईल इतपत.

अण्णांचं चष्म्याचं दुकान होतं. गेलं वर्षभर ते रोज एक फोटो काढत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरच्यांच्या ग्रुपवर टाकत. दुकानातल्या आरशात पडलेलं ऊन, तपासणीच्या खुर्चीत डुलकी लागलेलं गिऱ्हाईक, भिंतीला टेकवलेली शिडी, आणि आठवडाभर डोंगरातल्या गावी जाऊन आले तेव्हाची धुक्यातली पायवाट. फोटो पडला की ग्रुपवर पटापट अंगठे उमटत. थोरल्या ताईंचा अंगठा तर फोटो पोचायच्या आधीच येतो, असं सून म्हणायची.

वर्ष पुरं झाल्यावर अण्णांनी सगळे फोटो छापून त्यांचा अल्बम करवून घेतला. काळं कव्हर, त्यावर एक अक्षर नाही. "नाव-गाव काही नको, फोटोच बोलले पाहिजेत," असं त्यांनी छापणाऱ्याला बजावलं होतं. मग रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. ताई, ताईंचे यजमान, सून, झाडून सगळे. अल्बमचं पाकीट अण्णांनी स्वतःसुद्धा फोडलं नव्हतं. प्रकाशन म्हणजे प्रकाशन.

"वा!" ताई म्हणाल्या. "वा, वा! केवढा फिरलास रे वर्षभरात! आणि हा समुद्र काय सुरेख आलाय!"

समुद्र? अण्णांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. तळ्याला म्हणत असेल. ताईला नंबर लागून किती दिवस झाले, पण भावाचं दुकान असून चष्मा करून घेईल तर शपथ.

"आणि हा तुमचा पाठमोरा," मेहुणे म्हणाले. "टोपीत काय रुबाबदार दिसताय! बारीकही झालात की हो."

अण्णांनी शाळा सुटल्यापासून डोक्यावर टोपी चढवली नव्हती. पण 'बारीक' हा शब्द इतका गोड लागला, की टोपीचा विचार त्यांनी बाजूला ठेवला.

"बाबा, मला विचाराल तर कुत्र्याचे सगळ्यात भारी," सून म्हणाली. "कसला गोड आहे तो!"

"कोण?"

"कुत्रा."

अण्णा तीन ढांगांत सोफ्यापाशी आले आणि त्यांनी अल्बम ताईंच्या मांडीवरून जवळजवळ हिसकावून घेतला. पहिल्या पानावर एका बसचं मोठं थोरलं स्टिअरिंग होतं, काचेपलीकडे सरळ गेलेला रस्ता. दुसऱ्या पानावर डेपोतल्या बाकाखाली पसरलेला तांबडा कुत्रा. तिसरं पान त्यांनी उलटलंच नाही.

"हा माझा अल्बम नाही," अण्णा म्हणाले.

मग मेहुणे समजूतदारपणे हसले. "असं होतं अण्णा. कलावंताला स्वतःचंच काम परकं वाटतं कधी कधी."

"अहो, काम परकं वाटत नाहीये, परकंच आहे! मी बस चालवतो का?"

"तसं नाही, पण..."

"ताई, माझ्याकडे कुत्रा आहे?"

"मला वाटलं, घेतला असशील मध्यंतरी."

"तू परवा जेवून गेलीस इथं! तेव्हा काय, मी त्याला कपाटात कोंडलं होतं?"

"ओरडतोस कशाला? शांत असतात काही कुत्री."

अण्णांचा आवाज आता जिन्यापर्यंत पोचला. रोज सकाळी फोटो टाकतो मी, नेमानं. ताप असताना टाकलाय. अंगठे दाखवता सगळे, बघत नाही म्हणजे एकही जण? शिडीचा फोटो कुणाला आठवतोय? सांगा, शिडी कुठल्या भिंतीला होती? सून जमिनीकडे बघू लागली. मेहुण्यांनी छताकडे बघितलं, जणू शिडी तिथं असायची शक्यता होती.

"जाऊ द्या ना," अण्णांची बायको म्हणाली. ती मघापासून ताईंच्या शेजारीच बसली होती. "पाकिटं बदलली असतील. मला पहिल्याच पानाला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण फोटो चांगले होते हो. म्हटलं, पुढचं पान बघू."

हे मात्र अण्णांच्या फार वर्मी लागलं. जेवताना ते कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. 'मीठ हवंय का?' या प्रश्नालाही त्यांनी मानेनंच उत्तर दिलं, तेही चुकीचं. पानावरून उठल्या उठल्या त्यांनी मोबाइल काढला आणि घरच्यांचा ग्रुप सोडला. मग न राहवून त्यांनी सुनेच्या मोबाइलवर डोकावून पाहिलं. आपण ग्रुप सोडताना जे दोन शब्द लिहिले होते, 'कायमचा निरोप', त्यावर ताईंचा अंगठा आला होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा छापणाऱ्याच्या दुकानात पोचले, ते चपला झिजवायच्या इराद्यानं नाही, तर एका भेटीतच सोक्षमोक्ष लावायचा म्हणून. छापणारा कात्रीनं कागदाच्या कडा कापत होता. त्यानं अल्बम पाहिला, वही पाहिली आणि मान हलवली.

"दोन्ही काळीच कव्हरं. अदलाबदल झालेली दिसते."

"दिसते? अहो, ते वर्ष आहे माझं! वर्ष दिलंत तुम्ही माझं उचलून दुसऱ्याला!"

"त्यांचंही दिलंय ना तुम्हाला," छापणारा शांतपणे म्हणाला. "त्या तर काही बोलल्या नाहीत. फोन आला होता, येतायत आत्ता, ड्यूटी संपवून."

त्या आल्या तेव्हा अण्णांचं पुढचं वाक्य तयार होतं, पण ते तसंच राहिलं. लांब पल्ल्याच्या बसची ड्रायव्हर होती ती बाई; अंगावर गणवेश, काखेत अण्णांचा अल्बम. तिनं दारातूनच अण्णांना निरखून पाहिलं.

"चष्मेवाले तुम्हीच ना?"

"हो. पण तुम्ही कसं ओळखलंत?"

"आरशात तुमचं अर्धं कपाळ आलंय की. उन्हाच्या फोटोत." ती बाकावर टेकली. "माझा नाही हे पहिल्या पानालाच कळलं. मिटून ठेवणार होते. पण एक बघितला की पुढचा बघावासा वाटला. गाडी सुटेपर्यंत डेपोत बसून सगळा बघितला. मधेच कितीतरी फोटो नुसते खिडकीतूनच काढलेत. आजारी होतात का?"

"पाय मुरगळला होता," अण्णा म्हणाले.

"मला वाटलंच. आणि तो खुर्चीत झोपलेला माणूस पुढे जिन्यात दिसतो, नाही का? चष्मा घालून. त्याआधी एका फोटोत कठडा घट्ट धरून उतरतोय, आणि नंतर हात मोकळे सोडून."

अण्णांनी घाईघाईनं अल्बम उघडून ती पानं शोधली. खरंच होतं. फोटो त्यांनीच काढले होते आणि हे त्यांच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"एक मात्र नाही आवडलं," ती म्हणाली. "जेवणाच्या ताटाचे फोटो. ताट झकास येतं, पण वाढणाऱ्या बाईंचा हात दर वेळी मनगटापाशी कापता. ताटापेक्षा तो हात बघण्यासारखा आहे."

एरवी अण्णांनी हे ऐकून घेतलं नसतं. आत्ता मात्र त्यांना वाटत होतं, हिनं असंच बोलत राहावं, पानामागून पान, संध्याकाळपर्यंत. एवढं वर्ष ज्याची वाट पाहिली, ते माणूस अदलाबदलीत का होईना, भेटलं होतं. घरच्या मंडळींना इथं आणून बसवलं पाहिजे, बघणं म्हणजे काय असतं ते कळेल, असं त्यांच्या मनात आलं.

"आता तुम्ही सांगा," ती पुढे झुकून म्हणाली. "माझ्यातला कुठला आवडला?"

अण्णांनी आपला अल्बम मिटला.

"सगळेच," ते म्हणाले. "सगळेच छान आहेत."

"सगळे कसे छान असतील? दोनांत तर माझा अंगठाच आलाय मधे."

"तसं नव्हे... म्हणजे..." अण्णांनी घसा खाकरला. रोज फोटो काढणाऱ्या माणसाकडे काय हमखास असतं, याचा त्यांनी भराभर विचार केला. "सूर्यास्त! सूर्यास्त मात्र तुमचा फारच सुंदर आलाय."

बाईचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला.

"सूर्यास्त? एकही सूर्यास्त नाहीये त्यात! सूर्यास्ताला मी गाडीवर असते. चालत्या गाडीत मोबाइल हातात घेते असं वाटलं काय तुम्हाला?" ती उभी राहिली. "मी शिडीसकट तुमचा फोटो अन् फोटो बघितला. अल्बम रात्रभर तुमच्या घरात होता, आणि तुम्ही उघडलासुद्धा नाहीत?"

"पहिली दोन पानं बघितली ना," अण्णा पुटपुटले.

छापणाऱ्यानं कात्री खाली ठेवली. इतका वेळ त्याला हा तंटा आपल्याशी संबंधित वाटला नव्हता; आता मात्र ऐकण्यासारखा वाटू लागला होता.

"बसा," बाई म्हणाली.

"आज जरा दुकान उघडायचं..."

"बसा म्हणते ना!"

अण्णा बसले. तिनं आपला अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला, तिसरं पान उघडलं आणि शेजारी हाताची घडी घालून बसली. पान भरून रस्त्याकडेचं एक झाड होतं, नुसतं झाड. अण्णांनी ते पाहिलं, मान डोलावली आणि पुढचं पान उलटायला कोपरा धरला.

तिचा तळहात पानावर येऊन पडला.

"कुठं निघालात? त्या झाडात कोण बसलंय, ते सांगा आधी."