पापडांच्या जागेवर बाग

पावसाचा पहिला थेंब पडेपर्यंत बाजारातली एकही भाजी या घराचा उंबरठा ओलांडणार नाही, अशी घोषणा मी चैत्रात ओट्यावर उभं राहून केली. ऐकायला माझी बायको चंद्रकला आणि शेजारच्या पुंजाची शेळी, एवढाच समुदाय होता. त्यातली शेळी लक्ष देऊन ऐकत होती. विषय भाजीचा होता ना!

निवृत्त माणसाने साधं जगावं, ऋतूप्रमाणे दारातलं खावं, हे मला मोबाइलवरच्या एका टोपीवाल्या गृहस्थाने पटवलं होतं. आमच्या खोडाळ्यात दारातलंच खाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण त्यांच्याकडे तशी टोपी नाही.

अडचण एकच. अंगणातली उन्हाची जागा पापडांची. दर उन्हाळ्यात चंद्रकला तिथे नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड वाळत घालते. शेवटी तह झाला. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या लेकीचे, रविनाचे, सासू-सासरे जव्हारहून जेवायला यायचे होते. त्या दिवशी बागेतलं काहीही ताटात पडलं, तर जागा कायमची माझी. नाही पडलं, तर पापडांची.

"काहीही म्हणजे?" मी खात्री करून घेतली.

"काहीही. चार काड्या कोथिंबीर उगवली तरी मी हरले."

मी माठ पेरला, कोथिंबीर पेरली. टोपीवाला म्हणाला, उन्हाळ्यात जमीन उघडी ठेवायची नाही, आच्छादन घाला. घातलं. खाली शेण, त्यावर सागाचा पाला, त्यावर वाळलं गवत, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर बारीक माती. कडा चोपून चौकोनी केल्या. रविना लहान असताना तिलाही मी इतक्या निगुतीने पांघरूण घातलं नव्हतं.

त्यामुळे उगवलं काहीच नाही. चंद्रकला रोज सकाळी कडेचं एक पान उचलून बघायची आणि "निजलेत अजून" म्हणून परत ठेवायची.

आखितीच्या आदल्या दिवशी, शेवटचा उपाय म्हणून, मी मोखाड्याला झारी आणायला गेलो. परतताना जीपमधून गावावर धूर दिसला. कुणीतरी राब भाजत असणार. आमच्याकडे पावसाआधी भात-नागलीच्या रोपांची जागा भाजून घेतात. खाली शेण, त्यावर पाला, त्यावर गवत, वर बारीक माती, आणि मग काडी.

इथवर विचार आला आणि मी ड्रायव्हरला जीप जोरात हाणायला सांगितलं.

धूर आमच्याच अंगणातून येत होता. पुंजा हातात ओली डहाळी घेऊन कडेने पहारा देत होता.

"या दादा. येळेवर आले. तुमचा राब भाजून टाकला."

"माझा राब?"

"किती दिस झाले रचून ठेवलाय! सुकरी बोलली, दादांचा जन्म हापिसात गेला, रचायचं आठवलं पण पेटवायचं विसरले. आज वारा पडला, म्हटलं उरकून टाकू. पण काय ओला हो! सकाळपासून उलथून उलथून सुकवला तेव्हा कुठं धरला."

तेवढ्यात त्याची बायको सुकरी सुपात नागलीचं बी घेऊन आली. घरचंच बी आहे, पाऊस दिसला की पेरा, लावणीला आम्ही सगळी येतो, म्हणाली. आजवर इतक्या आपुलकीने माझं कुणी काही जाळलं नव्हतं. मी दोघांना चहा पाजला.

ते गेल्यावर चंद्रकलेला विचारलं, "तू घरात होतीस ना? त्याने काही विचारलं नाही?"

"विचारलं की. काडेपेटी मागितली. शेजाऱ्याला काडेपेटी नाही म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी व्याही आले. गौतमराव निवृत्त शिक्षक, पण शेतकऱ्याचा मुलगा. अंगणातला काळा चौकोन पाहिला आणि त्यांनी चपला काढल्या.

"व्याही, माझ्या बापानंतर इतका एकसारखा भाजलेला राब आज बघतोय. हल्ली लोक मोबाइल बघून बागा करतात."

"करतात खरं," मी खेदाने म्हणालो.

मग मला थांबवणं अवघड झालं. वाऱ्याचा अंदाज, पाल्याची निवड, कडेचा पहारा, सगळ्यावर मी बोललो. गौतमरावांनी लावणीला यायचं कबूल केलं. नागली माझ्या बागेत येणार आणि तिचे पापड कोण करणार, हे मात्र मला बोलता बोलताच कळलं आणि आवाज थोडा खाली आला.

"मग आज ताटात बागेतलं काय?" विहीणबाईंनी, ममताताईंनी विचारलं.

चंद्रकला पदराला हात पुसत बाहेर आली.

"आहे ना. राख. आज सगळी ताटं तिनेच घासलीत."

काहीही म्हणजे काहीही, हे तिचेच शब्द! मी तहाची आठवण करून द्यायला तोंड उघडलं, तोच तिने माझ्या हातात कापडी पिशवी ठेवली.

"तेवढी बाजारातून कोथिंबिरीची एक जुडी आणता का?"