डोमाभाऊंच्या मोटरीखालची शेकोटी

थंडीच्या दिवसांत आमच्या मूल गावात सगळ्यांच्या अंगणात शेकोटी पेटायची आणि माणसं तिच्याभोवती बसायची. आमचे शेजारी डोमाभाऊ मात्र आधी मोटरीला शेकायचे. लोखंडी घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे भरायचे, घमेलं मोटरीच्या पोटाखाली सरकवायचं, वरून घोंगडी पांघरायची आणि शेजारी उकिडवं बसून तिची समजूत घालायची. "रुसू नोको माय. शेक थोडी. मंग जाऊ."

डोमाभाऊ टोळीचे व्यापारी. टोळी म्हणजे मोहाच्या बिया. त्यांची स्वतःची तेलाची घाणी होती आणि गावातल्या झाडून साऱ्या बैलबंड्यांच्या आसाला त्यांच्याच घाणीचं तेल लागायचं. म्हणून एका ठेकेदाराची जुनी मोटर त्यांनी घेतली, तेव्हा तिच्या गेरबॉक्सातही तेच ओतलं. कोणी शंका काढली की ते म्हणायचे, "बंडीले चालते, मंग मोटरले काऊन नाई चालणार? मोटर का आभायातून पडली?"

उन्हाळ्यात म्हणे गेर गुणी लेकरासारखा पडायचा. हिवाळा लागला की हटून बसायचा. डोमाभाऊंनी घरच्या घरी सगळे उपाय केले. दांडा पुरत नसेल म्हणून सुताराकडून त्याला लाकडी जोड बसवला. भर उन्हात गेरबॉक्स खोलून आतले दात कानशीने घासले. क्लचला चामड्याची वादी बांधली. मिस्त्री आणायचं नाव काढलं तर चिडायचे. "बैलाचे दात पाहून मी वय सांगतो, आन् मोटरचे दात मिस्त्री पाहीन?" शेवटी शेक देणं तेवढं लागू पडलं. पोळ्याला बैलांबरोबर मोटरीलाही बेगड लावायचे, पुरणपोळीचा घास दाखवायचे. "बईल हाये ते, मशीन नाई."

हे सगळं मी लग्न होऊन मूलला आले त्याआधीपासूनचं. आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. डोमाभाऊंच्या घरात बाईमाणूस नव्हतं. बायको तापानं गेली, एवढंच मला कोणीतरी सांगितलं होतं.

त्यांच्या मोटरीपायी मी एकदा अशी लाजले की आजही आठवलं की कान तापतात. एका हिवाळ्यात माझ्या सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होत्या. माणूस टापटिपीचं, लुगड्याला चुणी पडली तरी दिवस खराब जायचा. डोमाभाऊ हट्टाने मोटर घेऊन स्टेशनवर आले. मोटरीला टोळीच्या तेलाचा उग्र वास. सासूबाईंनी पदर नाकाला लावला तो लावलाच. निघायची वेळ झाली आणि डोमाभाऊंनी मागच्या सीटखालून घमेलं काढलं! हमालांकडून निखारे मागून आणले आणि भर स्टेशनात, सासूबाई आत बसलेल्या असताना, मोटरीखाली सरकवले.

"मास्तरीणबाई, सासूबाईले म्हणा उतरू नोका. बूडही गरम होते."

टांगेवाले, हमाल, पासिंजरं, सगळे गोळा झाले. "डोमाभाऊ, भाकर टाका ना बुडाखाली!" असं कोणी ओरडलं. डोमाभाऊही दात काढून हसले. सासूबाई पुढे परत जाईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला वाटलं, या माणसाला लाज म्हणून कशी ती नाहीच.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. हे ट्रेनिंगला वर्ध्याला गेलेले. माझी शकू अजून रांगती. पहाटे तिचा श्वास लागला. छातीत कफ घरघरत होता, ओठ निळसर पडायला लागलेले. गावातले डॉक्टर बाहेरगावी. चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा, मोठा दवाखाना हाच आधार. मी तिला लुगड्यात गुंडाळलं आणि डोमाभाऊंचं दार बडवलं.

गवतावर दहिवर पडलेलं. अंगणात मोटर गारठून उभी, घमेलं पालथं. आता हे गोवऱ्या पेटवणार कधी, निखारे होणार कधी, आणि तोवर माझं लेकरू?

डोमाभाऊंनी शकूकडे एकदा पाहिलं, घोंगडी ओढून फेकली, हँडल मारलं आणि आत बसले. मी घमेल्याकडे बोट दाखवलं. "भाऊ, शेकोटी..."

"बसा."

त्यांनी दांडा एका हाताने ओढला. गेर पडला. लोण्यात सुरी जावी तसा. मोटर निघाली. पुढचेही गेर तसेच पडले, एकही कुरकुरला नाही. चांदा येईपर्यंत डोमाभाऊंनी मोटर कुठे थांबवली नाही.

दवाखान्यात शकूला सुई दिली, वाफारा दिला. दुपारनंतर ती भोकाड पसरून रडली. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नाही. बाहेर व्हरांड्यात डोमाभाऊ खांबाशी बसले होते. रडणं ऐकून त्यांनी डोळे पुसले. मी विचारलं, "भाऊ, गेर तर बरा आहे की!"

डोमाभाऊ म्हणाले, "लय दिवसाचा बरा हाये, बाई."

त्यांच्या बायकोला, पार्वताबाईलाही असाच छातीत कफ झाला होता. अशीच थंडीची पहाट. मोटरीजवळ खाट आणून ठेवलेली आणि गेर पडेना. निखारे व्हायला वेळ नाही म्हणून डोमाभाऊंनी भाताची तणस जाळली, तिची धग टिकेना, दांडा ओढून ओढून हात सोलले. "ते म्हणत होती, घाई नोका करू जी, तुमी गेर पाहा, मले काई नाई झालं. ऊन आलं तवा गेर पडला. तवा ते नव्हती."

तेराव्यानंतर एका गार पहाटे त्यांनी गेरबॉक्सचं झाकण खोललं. आत तेल थिजून पांढरं तूप झालेलं. "माह्याच घानीचं तेल. चांद्याहून मोटरच्या तेलाचा डब्बा आनला, टाकला. झालं. एका डब्ब्याचं काम होतं, बाई."

"मग ही रोजची शेकोटी?"

"शेकोटी बंद केली त लोक पुसतीन, डोमा, गेर कसा सुदरला? मंग सांगा लागन. एका डब्ब्यासाठी बायको गेली, हे कोन्या तोंडानं सांगू? त्यापक्षा हसू द्या." मग म्हणाले, "दांड्याले बोटभर टोळीचं तेल लावतो. वास याले पाह्यजे ना."

मला स्टेशन आठवलं. निर्लज्ज म्हणून ज्याला मी मनातल्या मनात बोल लावले होते, तो माणूस लाज झाकायलाच चारचौघांत घमेलं घेऊन बसला होता. निघताना डोमाभाऊ म्हणाले, "घरी सांगा, गेर कसातरी पडला. पार्वतानं पाडला म्हना."

शकूला घेऊन मूलला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर डोमाभाऊ मोटरीपाशी उकिडवे बसलेले. गोवऱ्या दवाने ओल्या झाल्या होत्या, पेटत नव्हत्या. रस्त्याने जाणारे दोघेचौघे थांबून चेष्टा करत होते.

मी चुलीतले निखारे फुंकणीने पुढे ओढले, सांडशीने उचलून टोपलीत राख घालून घेतले आणि नेऊन त्यांच्या घमेल्यात ओतले. डोमाभाऊंनी वर पाहिलं नाही. "रुसली हाये," एवढंच पुटपुटले.

"लई नखऱ्याची आहे बाई तुमची मोटर," मी म्हणाले. आणि सगळ्यांबरोबर हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.