सव्वा मार, दीड मार

“चारातली एक ठेवा, बाकीच्या प्रफुलले देऊन टाका,” असं रुखमाबाई गेली कित्येक वर्षं म्हणत होत्या आणि श्रीहरी मास्तर ते ऐकत नव्हते. त्यामुळे घरात शांतता होती. आश्विनातल्या एका सकाळी मास्तरांनी ते ऐकलं.

मास्तर आरमोरीजवळच्या गावात शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे रेसिंगच्या चार जुन्या सायकली होत्या. मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली हँडलं, बोटाएवढे टायर. मिशनच्या दवाखान्यातून मायदेशी परतताना एका फादरनं दिलेली सायकल म्हणजे ‘फादर’. चामोर्शीकडच्या बंगाली डॉक्टरकडून आलेली ती ‘डॉक्टरीन’. बल्लारशाच्या गार्डसाहेबाची ती ‘रेल्वे’. आणि मास्तरांनी लग्नाआधी स्वतः घेतलेली, एकेकाळी लाल असलेली, ‘लाली’. चौघी मधल्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या असत आणि देवघरही त्याच खोलीत होतं. रुखमाबाईंना रोज फुलांचं तबक घेऊन शिंगांमधून आडवं होऊन जावं लागे. पदर ब्रेकमध्ये अडकला की त्या “अडकला वाटते” एवढंच म्हणत. त्यांचा आवाज मुळातच असा की शेजारच्या भांड्यांनी दबून जावा.

प्रफुल हा मास्तरांचा भाचा. जन्मला, वाढला, शिकला नागपुरात, आणि काही वर्षांपूर्वी जंगल सफारीच्या वाटेवर त्यानं हॉटेल टाकलं होतं. त्याला भिंतीवर टांगायला जुन्या सायकली हव्या होत्या. पर्यटक म्हणे त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढतात.

“देऊन टाकतो तीन,” मास्तर म्हणाले. “एक ठेवतो.”

“बरं,” रुखमाबाई म्हणाल्या. कोणती, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. लालीच राहणार. लग्नानंतर मास्तर त्यांना न्यायला पोंभुर्ण्याला आले ते लालीवरून. रेसिंगच्या सायकलीला कॅरियर नसतो, म्हणून त्या पुढच्या दांड्यावर बसल्या होत्या. हँडल खाली वळलेलं, त्यामुळे मास्तर वाकलेले, त्यामुळे त्यांची हनुवटी सगळा जंगलरस्ता रुखमाबाईंच्या डोक्यावर टेकलेली. तो प्रवास आपल्याला आवडला होता, हे रुखमाबाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. देवालाही नाही. त्याला ठाऊक असेलच.

“जे सगऱ्यात जोरानं धावन तेच राहीन,” मास्तर म्हणाले. “खेळात वशिला नाई.”

रुखमाबाईंच्या हातातली दूर्वा तिथंच राहिली.

शर्यतीचा मार्ग ठरला. घरापासून नहराच्या पुलापर्यंत जायचं आणि वापस. गडी एकच, रस्ता एकच, फक्त सायकल वेगळी. प्रश्न वेळ मोजण्याचा होता. मास्तरांचं जुनं स्टॉपवॉच शाळेचं होतं, ते शाळेत राहिलं. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता. शेवटी शेजारच्या लटारूच्या मोबाइलवर वेळ लावायचं ठरलं. मास्तर फादरवरून पुलाला जाऊन घामाघूम परत आले, तेव्हा लटारू मोबाइल कानाला लावून जावयाशी धानाच्या कापणीबद्दल बोलत होता.

“किती झाले?” मास्तर ओरडले.

“दोन बांध्या झाल्या, तीन बाकी हायेत,” लटारू म्हणाला.

मास्तरांनी सायकल टेकवली आणि ओट्यावर तुळशीपाशी जपाला बसलेल्या बायकोकडे पाहिलं. रुखमाबाईंचा रोजचा जप गावात प्रसिद्ध होता. चुलीवर दूध ठेवून त्या माळ घेत. माळ संपायला आणि दूध वर यायला एकच गाठ पडे. इतक्या वर्षांत दूध उतू गेलं नव्हतं.

“घड्यार चुकन, तुयी मार नाई चुकत,” मास्तर म्हणाले.

बाहेरच्या माणसाला इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या भागात ‘ळ’ कोणी उच्चारत नाही, त्याचा ‘र’ होतो. डोळ्याचा डोरा होतो, सकाळची सकार होते आणि माळेची मार होते. गावात याचं कोणाला काही वाटत नाही.

“जप देवाचा असते, सायकलीचा नाई,” रुखमाबाई म्हणाल्या.

“देवालेच देजो. मी फक्त मधातून मोजून घेतो.”

यात पाप आहे असं रुखमाबाईंना नक्की सांगता येईना. त्यांनी दोन अटी घातल्या. जप चालू असताना त्या कोणाशी बोलणार नाहीत, कारण तो त्यांचा नेमच होता. आणि जो आकडा येईल तोच सांगतील. कारण यंदाच्या चातुर्मासात त्यांनी खोटं न बोलण्याचं व्रत धरलं होतं. मागल्या वर्षी वांगं सोडलं होतं, ते सोपं गेलं.

मास्तर पुन्हा फादरवर बसले. रुखमाबाईंनी माळेचा हात गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, घातला आणि डोळे मिटले. मास्तर परत आले.

“सव्वा मार,” रुखमाबाई म्हणाल्या.

“सव्वा मार!” लटारूनं रस्त्याला ऐकवलं. कापणीला निघालेल्या दोनचार बाया विळे घेऊन तिथंच थांबल्या.

डॉक्टरीनच्या वेळी पुलाजवळ शेळ्या आडव्या आल्या. मास्तर शेळ्यांना चुकवून बेशरमाच्या झुडपात गेले. परत आले तेव्हा कोपर सोललं होतं आणि डावा पाय जमिनीवर टेकवत नव्हते.

“दीड मार.”

“शेर्‍यायचं काही वजा करता येते का?”

रुखमाबाईंनी नाही अशी मान हलवली. मास्तर लंगडत रेल्वेची हवा तपासायला गेले, मग तिच्यावर चढले आणि निघाले. रुखमाबाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात लटारूचा फोन वाजला. मास्तर घरचा फोन उचलत नाहीत म्हणून प्रफुलनं शेजारी लावला होता. तो टेम्पो घेऊन वाटेतच होता. नेटवर्क कमी असलं की आवाज वाढवावा लागतो अशी लटारूची समजूत असल्यानं पुढचं सगळ्या आळीनं ऐकलं.

“मास्तर? हायेत न! सकारपासून तेच चालू हाये. पयले सव्वा मार झाली, मंग दीड मार.”

पलीकडे टेम्पोला करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला.

“कोणाले?” प्रफुल म्हणाला.

“मास्तरले न! कोपर सोललं, लंगडून राह्यले. पन हटत नाई गडी. म्हनते, अजून होऊ दे.”

“मारते कोण?”

“काय? आवाज तुटून राह्यला. मार? बाईजवर हाये न मार. हातात घेऊनच बसल्या ओट्यावर.”

“हातात काय आहे?”

“दिसत नाई बाबू, पिसवीत हाये.”

“मामी?” प्रफुलचा आवाज बारीक झाला. “आपली मामी? हे... हे नेहमीचं आहे का?”

“रोज सकारी!” लटारू अभिमानानं म्हणाला. “इतक्या वर्सात एक दिवस खाडा नाई. ताप असो का पाऊस असो. आमी पोराईले उदाहरन देतो.”

बाया “खरं हाये” म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं यात चुकीचं काही नव्हतंच.

प्रफुलनं फोन ठेवला आणि लगेच कोलूभाऊला लावला. कोलूभाऊ गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. गावातलं भांडण गावातच मिटवायचं, हे त्याचं काम. पण या गावात भांडणच होत नसे, त्यामुळे वर्षभर मिटवायला काही नव्हतं आणि कोलूभाऊ खंगत चालला होता. “कोलूभाऊ, मामी मामाले झोडपून राह्यली, सायकलीपायी!” हे प्रफुलचं वाक्य त्यानं दोनदा म्हणायला लावलं. दुसर्‍यांदा ऐकताना त्याच्या अंगात बळ आलं.

तो आला तेव्हा रेल्वे अजून पुलाकडेच होती. रुखमाबाई डोळे मिटून, हात पिशवीत घालून बसल्या होत्या.

“बाई,” कोलूभाऊ समोर बसत म्हणाला, “मास्तर कुठी गेले?”

जपात बोलायचं नाही. रुखमाबाईंनी हनुवटीनं पुलाकडे दाखवलं.

“परून गेले?”

वेगानं गेले का, असं विचारतो आहे, असं समजून रुखमाबाईंनी होकार दिला.

“वापस येतीन का?”

हो.

“आले का पुन्हा तेच?”

रुखमाबाईंनी एक बोट वर केलं. रेल्वेनंतर लाली, म्हणजे एकच फेरी उरली होती.

कोलूभाऊनं टोपी काढून मांडीवर ठेवली. “बाई, तुमी देवाधर्माच्या. तुमचा आवाज आमी कधी आयकला नाई. पन हात उचलनं बरं हाये का? मास्तर म्हातारे झाले. कुठी लागून गेलं म्हंजे?”

आता कुठं रुखमाबाईंच्या ध्यानात आलं की हा माणूस काहीतरी भलतंच बोलतो आहे. पण मणी मध्यावर होता. त्यांनी तोंडातल्या तोंडात फक्त “हूं हूं” केलं. कोलूभाऊनं तो पश्चात्ताप धरला.

रेल्वे आली. “दीड मार,” रुखमाबाई म्हणाल्या, आणि पुढे कोलूभाऊशी बोलणार, एवढ्यात मास्तर “थांबू नको, ऊन चढून राह्यलं!” असं म्हणत लालीवर टांग टाकून निघालेसुद्धा.

“जा मास्तर, जा!” कोलूभाऊ मागून ओरडला. “मी इथी बसलो हाये!”

रुखमाबाईंनी माळ धरली. हीच ती फेरी. फादर सव्वा माळेवर होती. लालीला त्याच्या आत यायचं होतं. नाहीतर संध्याकाळी ती टेम्पोत, आणि उद्या कोणत्याशा भिंतीवर, आणि तिच्याखाली उभे राहून हसणारे पर्यटक. एवढं मनात आलं आणि रुखमाबाईंना शंका आली, आपलं बोट जरा रेंगाळतं आहे का? देवाचं नाव घेताना सायकलीला वशिला? त्या घाबरल्या. त्यांनी बोट पुढे ढकललं. तरीही मन लालीकडे ओढतंय असं वाटलं, तसं आणखी भराभर ढकललं. नाम कधी नव्हे ते एकात एक मिसळायला लागलं. समोर कोलूभाऊ नवरा-बायको ही गाडीची दोन चाकं असतात असं सांगत होता. चाकांचं नाव निघताच त्यांचे मणी आणखी सुटले.

मास्तर आले. चेहरा कधी नव्हे इतका आनंदी.

“किती?”

रुखमाबाईंनी एकदा तुळशीकडे पाहिलं. “दोन मार,” त्या म्हणाल्या.

“दोन?” मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. “लालीले?”

“दोन,” लटारू म्हणाला. “मीबी आयकलं.”

मास्तर लालीला हळूच आत बाकीच्या तिघींशेजारी भिंतीला टेकवून कोपर धुवायला मागच्या अंगणात बोरिंगवर निघाले. पण कोलूभाऊनं त्यांना दंडाला धरून आणलं, रुखमाबाईंशेजारी उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला. शर्यतीचा असावा असं समजून मास्तर जमेल तेवढं हसले. “मिटला!” असं म्हणून कोलूभाऊ जवळजवळ धावतच समितीला कळवायला गेला. मास्तर बोरिंगवर गेले.

त्याच वेळी टेम्पो आला. प्रफुलनं उतरता उतरता मागे जाणार्‍या मामांचं लंगडणं पाहिलं. तो रुखमाबाईंपासून जरा अंतर ठेवूनच उभा राहिला.

“मामी, मी लहान आहे. पण लटारूभाऊनं सगळं सांगितलं. सव्वा मार, दीड मार. सायकलींसाठी मामाले इतका मार?”

‘इतका’ म्हणाला प्रफुल, ‘इतकी’ नाही. रुखमाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग लटारूकडे, मग गोमुखीकडे. सगळा उलगडा एकदम झाला. सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. त्यांनी तोंडही उघडलं.

“मामाचा जीव आहे त्या सायकलींमधे,” प्रफुल पुढे म्हणाला. “मी त्या नेतो म्हटलं म्हणूनच हे झालं ना? एखादी जरी नेली तर मामा अडवतील, अन् मग पुन्हा... नाही नाही. तुम्ही चातुर्मासात खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. एकच सांगा. मामाच्या लाडक्या लालीची पाळी आली तेव्हा काय झालं?”

रुखमाबाईंनी तोंड मिटलं. पदर सारखा केला.

“दोन मार,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

“बरोबर,” लटारू म्हणाला. “सगऱ्यात जास्त.”

प्रफुलनं वाकून, हात जरा लांब ठेवून, मामीच्या पाया पडल्यासारखं केलं आणि टेम्पोत बसला. “मामाची काळजी घ्या,” असं तो निघताना लटारूला म्हणाला. “घेतो न,” लटारू म्हणाला, आणि काय झालं ते न कळून घरी गेला.

मास्तर कोपराला हळद लावून आले तेव्हा रस्ता रिकामा होता आणि चारही सायकली जागेवर होत्या.

“प्रफुल आल्ता वाटते? नेल्या नाई काऊन?”

खोटं बोलायचं नव्हतं. रुखमाबाईंनी पहिल्या फोनपासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं सांगितलं. कोलूभाऊचा फोटो कशासाठी होता, तेही सांगितलं. मास्तर ओट्यावर बसले. गावात आपलं आता काय म्हणून नाव होईल याचा ते विचार करत असावेत. पण ते बोलले ते निराळंच.

“एक सांगू का?” ते बायकोकडे न पाहता म्हणाले. “लालीवर मी पुलापर्यंत गेलोच नाई. मधातल्या मोहाच्या झाडापासूनच वापस आलो.”

रुखमाबाई गोमुखीची नाडी गुंडाळू लागल्या.

“म्हनलं, तेच रावं. पोंभुर्ण्याहून तुले आनली होती तिच्यावर.” मास्तरांनी डोकं खाजवलं. “पन अर्ध्याच वाटंले दोन मार कशी लागली? तुयी मार तर चुकत नाई. काय करत होती तू?”

रुखमाबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या उठल्या, मधल्या खोलीत गेल्या, चारही सायकलींच्या शिंगांमधून आडव्या होऊन देवघरापाशी पोचल्या. पदर लालीच्या ब्रेकमध्ये अडकला. तो त्यांनी सोडवला नाही.

“सांग न!” मास्तर दारातून म्हणाले.

रोजची माळ केव्हाच झाली होती. रुखमाबाईंनी हात पुन्हा गोमुखीत घातला आणि डोळे मिटून घेतले. जप चालू असताना बोलायचं नसतं.