पुढचे धूसर, मागचे स्पष्ट

“कथा काय, कोणीही लिहितो! अभिनय काय, आरशासमोर सगळेच करतात! सिनेमा बनतो तो लेन्समध्ये!”

दिग्दर्शक उठता-बसता हे म्हणायचे. आयुष्यात एकही सिनेमा न बनवलेला माणूसच हे इतक्या ठामपणे म्हणू शकतो! ‘दिग्दर्शक’ हे नाव अर्थातच ऑफिसने ठेवलेलं. त्यांना पगार मिळायचा तो पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत बिलं काढण्याबद्दल. पण बिल टाइप करतानाही ते मधेच एक डोळा मिटायचे, बोटांची चौकट करायचे आणि तिच्यातून समोरच्या फाइलींच्या गठ्ठ्याकडे असं रोखून बघायचे, की गठ्ठ्यालाही अवघडल्यासारखं व्हावं.

कॅमेरा घेऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात त्यांनी काय चित्रित केलं? काहीच नाही! कारण लेन्स ठरत नव्हती. कॅमेऱ्याबरोबर एक साधी लेन्स फुकट आली होती, पण तिच्याकडे ते न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघायचे. रोज संध्याकाळी मोबाइलवर कोणी तज्ज्ञ लेन्सचे गुणदोष सांगायचा आणि दिग्दर्शक समोरचं ताट तसंच निवत ठेवून माना डोलवायचे. पस्तीस मिलिमीटरची घ्यावी की पन्नासची? जुनी घ्यावी की नवी?

बायको एकदा म्हणाली, “अहो, मला बघायला आलात तेव्हा एवढा विचार केला नव्हता तुम्ही!”

“म्हणून तर आता करतोय!” दिग्दर्शक बोलून गेले, आणि पुढचे काही दिवस त्यांना स्वतःचा चहा स्वतःच करून प्यावा लागला.

शेवटी ठरली. पन्नासची! आणि तिचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, वन पॉइंट टू! हे भोक जितकं मोठं उघडावं, तितकी एखादीच वस्तू स्पष्ट येते आणि बाकीचं जग लोण्यासारखं वितळून जातं. मागचे दिवे तर विरघळून गोल गोल ठिपके होतात. या ठिपक्यांनी दिग्दर्शकांची झोप उडवली होती.

“आई,” ते उत्साहाने म्हणाले, “एकदा ही लेन्स आली ना, की बघ, माझ्या फ्रेममध्ये नुसते बोके असतील बोके!”

भाजी निवडणाऱ्या आईचा हात थांबला. “बोके? ते कशाला रे?”

“सुंदर दिसतात! मऊ, गोल, मागच्या बाजूला हळूच हलणारे!”

“अरे, दूध किती लागतं त्यांना! आणि फर्निचर ओरबाडतात ते वेगळंच!”

“आई, बोके म्हणजे मागचा धूसरपणा. जपानी शब्द आहे तो!”

“जपानी बोके?” आईने कपाळाला हात लावला. “म्हणजे ते इथलं दूध पिणारही नाहीत!”

लेन्स आली आणि आठवड्याभरातच मॅनेजरसाहेबांनी दिग्दर्शकांना केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचे मोठे साहेब हेड ऑफिसहून वार्षिक मेळाव्याला येणार होते. त्यांना दाखवायला आपल्या कारखान्यावर एक छोटी फिल्म हवी होती.

“बाहेरचा माणूस बोलावला की खर्च,” मॅनेजरसाहेब म्हणाले. “तुमच्याकडे कॅमेरा आहेच. फिल्म उत्तम झाली तर सीनियरच्या जागेसाठी तुमचं नाव मीच सुचवीन. किती वर्षं वाट बघताय?”

पुष्कळ वर्षं बघत होते! पण त्या क्षणी दिग्दर्शकांना सीनियरची जागा दिसलीच नाही. त्यांना मॅनेजरसाहेबांच्या मागचे तीन दिवे विरघळताना दिसले.

शूटिंगच्या दिवशी ते काळा शर्ट घालून आले. कॅमेऱ्यात स्वतःहून फोकस करणारी सोय होती, ती त्यांनी सगळ्यात आधी बंद केली. “ऑटोफोकस म्हणजे दुसऱ्याच्या हाताने जेवणं!” वाचायला चष्मा लागायचा, तोही खिशातच ठेवला. चष्मा लावलेला दिग्दर्शक त्यांच्या मनातल्या चित्रात बसत नव्हता.

केबिनमध्ये मॅनेजरसाहेबांची खुर्ची अजून रिकामी होती. नुसत्या हवेवर फोकस कसा करणार? म्हणून काचेपलीकडे बसलेल्या अकाउंट्सच्या बाईंवर त्यांनी तात्पुरता फोकस लावून ठेवला. साहेब आले की फिरवू, असं ठरवलं. साहेब आले, बसले, बोलायला लागले. दिग्दर्शकांनी कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिलं तर सगळं कसं झक्क दिसत होतं! फोकस फिरवायचा राहूनच गेला. दिवसभर असंच चाललं. कुठे पुढचा सुटला, कुठे मागचा पकडला गेला. भोक मात्र कायम सताड उघडं!

दोन दिवसांनी मॅनेजरसाहेबांनी आपल्या केबिनमधल्या मोठ्या टीव्हीवर फिल्म लावायला सांगितली. दार बंद झालं. पडद्यावर मोदकाच्या पिठासारखा एक पांढुरका गोळा हलू लागला आणि साहेबांच्या आवाजात म्हणाला, “दर्जा हाच आमचा श्वास!” आणि त्या गोळ्याच्या खांद्यामागे, पापणीचा केस न् केस मोजता येईल इतक्या स्पष्ट, अकाउंट्सच्या बाई! केसांत पेन्सिल खोचलेली, हातात व्हाउचर, आणि चेहऱ्यावर बेरीज जमल्याचं समाधान.

दिग्दर्शक रिमोट शोधू लागले. आता नोकरीच गेली म्हणायची!

मॅनेजरसाहेब मात्र ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, “परवा तुम्हाला हेड ऑफिसचा फोन आला होता.”

“हो साहेब. बिलांसंबंधी.”

“बिलांसंबंधी!” साहेब खिन्नपणे हसले. “मला कळतं हो. मी धूसर... बाई स्पष्ट. म्हणजे वर ठरलंय तर! या खुर्चीत आता बाई बसणार!”

खरं सांगायची हीच वेळ होती. ‘साहेब, मी फोकस फिरवायला विसरलो’, एवढंच म्हणायचं. पण वर्षभर लेन्सवर व्याख्यानं झोडलेला माणूस हे वाक्य कसं उच्चारणार? दिग्दर्शकांनी घसा खाकरला.

“साहेब, ती... फिल्मची भाषा असते.”

“भाषाच म्हणतोय मी! समजली मला!” साहेबांनी उठून स्वतः त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. “बसा ना. उभे का?”

केबिनचं दार बंद असलं तरी ऑफिसात बातमी फुटायला दार उघडं लागत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलं, की कोण राहणार आणि कोण जाणार ते दिग्दर्शकांच्या फिल्ममध्ये आहे. स्पष्ट तो टिकला, धूसर तो गेला! डिस्पॅचचा माणूस येऊन म्हणाला, “मी फक्त कमरेपर्यंत स्पष्ट आहे म्हणे. म्हणजे अर्ध्या पगारावर ठेवणार का हो?” खरेदी विभागाच्या प्रमुखांनी, ज्यांनी आजवर कधी नमस्काराला मान हलवली नव्हती, दिग्दर्शकांच्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला. “घ्या हो. आणि जरा... आमच्या बाजूला फोकस असू द्या.”

एकटा स्टोअरकीपर वेगळीच मागणी घेऊन आला. दुपारी पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे तासभर पडायची त्याची जुनी सवय होती. फिल्ममध्ये तो मागे झोपलेला आला होता, पण इतका धूसर, की बघणाऱ्याला ते पोतंच वाटावं.

“मला असंच ठेवा बुवा,” तो कानात म्हणाला. “माझं काही मोठं मागणं नाही.”

“काळजीच करू नका!” दिग्दर्शक ऐटीत म्हणाले. आता त्यांच्या चालण्यातही फरक पडला होता.

संध्याकाळी अकाउंट्सच्या बाई आल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग हळूच म्हणाल्या, “ते चित्र मला एकदा दाखवाल का?”

दिग्दर्शकांनी दाखवलं. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

“ऑफिसच्या प्रत्येक फोटोत मी असते,” त्या म्हणाल्या. “कोणाच्या तरी खांद्यामागे. अर्धा कान, नाहीतर नुसता अंबाडा. आमची मुलगी लहानपणी विचारायची, आई, तू खरंच जातेस ना ऑफिसला?” त्या हसल्या. “तुम्ही मुद्दाम घेतलंत का हो मला?”

“हो,” दिग्दर्शक म्हणाले. “मुद्दामच.” आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांना आपल्या लेन्सची थोडी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांचा हुकूम आला. त्यांनी रात्रभर विचार केला होता. “पुन्हा शूटिंग! आणि या वेळी सगळे स्पष्ट पाहिजेत! मी, बाई, शिपाई, पंप, झाडून सगळे! फिल्मची भाषा वगैरे काही नको. आणि कारखाना मोठा दिसला पाहिजे!”

पन्नासच्या लेन्समध्ये एवढा कारखाना मावणार कसा? दिग्दर्शकांनी जड मनाने ती फुकटची लेन्स कपाटातून काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि कॅमेऱ्याला लावली. कारखान्याची भिंत न् भिंत तिच्यात मावली! भोक टाचणीएवढं बारीक केलं. मग सगळं स्पष्ट झालं, पण काळंकुट्ट. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली, तर पडद्यावर मुंग्या सुटल्या.

“उजेड पाहिजे साहेब!”

“करा!” साहेब गरजले. वर्षानुवर्षं न उघडलेल्या खिडक्या उघडल्या. छपरावरच्या काचा धुतल्या. कोपऱ्यांवरची ताडपत्री काढली. बंद पडलेल्या सगळ्या ट्यूब बदलल्या. कारखाना इतका झगमगला, की जुन्या कामगारांना आपण भलत्याच ठिकाणी आलो असं वाटलं!

या वेळी दिग्दर्शकांनी कोणतीही जोखीम घेतली नाही. फिल्म तयार झाल्यावर प्रत्येकाला कॉम्प्युटरवर बोलावून दाखवली. मॅनेजरसाहेबांनी आपला चेहरा पाहिला, म्हणाले, “छान!” खरेदीप्रमुखांनी आपला चेहरा पाहिला, म्हणाले, “झकास!” डिस्पॅचवाल्याने आपले पाय तपासले. जो आला त्याने स्वतःला पाहिलं आणि खूश होऊन गेला. अख्ख्या ऑफिसने फिल्म पाहिली, पण फिल्म कोणीच पाहिली नाही. स्टोअरकीपर तर आलाच नाही. त्याचा दिग्दर्शकांच्या शब्दावर विश्वास होता.

मेळाव्याला सभागृह खच्चून भरलं. मोठे साहेब पहिल्या रांगेत बसले. अंधार झाला आणि भिंतीएवढ्या पडद्यावर फिल्म सुरू झाली.

मॅनेजरसाहेब लख्ख दिसले. “दर्जा हाच आमचा श्वास!” ते म्हणाले. आणि त्यांच्या डाव्या कानामागे, तितकाच लख्ख, एक पंप बागेतल्या कारंज्यासारखा पाणी उडवत होता. एक कामगार त्याच्याखाली बादली धरून उभा होता. बादली भरली, तशी त्याने दुसरी लावली.

सभागृहात कोणीतरी खोकलं.

“गिऱ्हाइकाची तक्रार आमच्याकडे येतच नाही!” पडद्यावरचे साहेब म्हणाले. उजव्या बाजूला, ताडपत्री काढल्यामुळे मोकळा झालेला परत आलेल्या पंपांचा ढीग छताला टेकला होता. प्रत्येकावर खडूने ‘परत’ लिहिलेलं. शेवटच्या रांगेतूनही वाचता येत होतं!

“इथे प्रत्येक जण सतत जागरूक असतो!”

आणि बरोबर मध्यभागी, दूरवर, खोक्यांमागे, स्टोअरकीपर! तोंड उघडं, एक चप्पल पायात, दुसरी उशाला. त्याच्या नाकावरची माशीसुद्धा फोकसमध्ये होती!

अंधारातून हुंदक्यासारखा आवाज आला. “तुमच्या धूसरपणावर भरवसा ठेवून झोपलो हो मी!”

“थांबवा,” मोठे साहेब म्हणाले. “मागे घ्या. हं. त्या बादलीवर.” त्यांनी बादली पाहिली, ढीग पाहिला, माशी पाहिली. दिवे लागले. “कोणी काढली ही?”

एवढी गर्दी, पण क्षणात सगळे चार पावलं मागे सरकले. दिग्दर्शक एकटे मध्ये उरले, घामाने डबडबलेले. मॅनेजरसाहेब त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होते, की त्या नजरेला कोणतीही लेन्स लागत नव्हती.

“साहेब, मी... म्हणजे भोक जरा...”

“तपासणीवाले दरवर्षी येतात,” मोठे साहेब म्हणाले. “चहा पितात, सगळं ठीक आहे म्हणून लिहून देतात. आपल्याच मॅनेजरसमोर हे दाखवायला छाती लागते! तुम्हाला आजपासून तपासणी विभागात घेतलं. सीनियर म्हणून!”

टाळ्या एकट्या मोठ्या साहेबांनी वाजवल्या.

बढती मिळाली ती अशी. घरी आईने देवासमोर साखर ठेवली. बायको म्हणाली, “बघा, फुकटची लेन्सच कामाला आली!” ऑफिसात आता दिग्दर्शक दिसले, की दारं लागायची, ताडपत्र्या चढायच्या आणि जेवणाच्या टेबलावरची माणसं घास गिळून उठायची. बाई तेवढ्या बसून राहायच्या. त्यांचं ते चित्र दिग्दर्शकांनी मोठं छापून दिलं होतं.

नव्या विभागातल्या पहिल्या दिवशी हेड ऑफिसच्या माणसाने त्यांच्या हातात एक डबी दिली. आत साबणाच्या वडीएवढा कॅमेरा होता.

दिग्दर्शकांनी तो उलटसुलट फिरवून पाहिला. “लेन्स बदलता येत नाही?”

“नाही. आतच बसवलेली असते.”

“ॲपर्चर?”

“एक बटण आहे बघा. ते दाबायचं.”

दिग्दर्शकांनी ते बटण दाबून पाहिलं. “अहो, पण निदान कधीतरी, एखाद्या वेळी, मागचं थोडंसं धूसर...”

“छे छे!” तो माणूस म्हणाला. “मोठ्या साहेबांनी बजावून सांगितलंय. यांना मागचंच काढू द्या. पुढे कोणी उभं नसलं तरी चालेल!”