बांग गुरुजींचे श्रोते

या सहलीतून बांग गुरुजींना काय मिळणार होतं, ते आधी पाहू. बेत दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी त्रांग आनच्या डोंगरांतून, गुहांतून नावेची सफर, दुसऱ्या दिवशी होआ लूची जुनी राजधानी, आणि मधल्या मुक्कामात निन्ह बिन्हचं प्रसिद्ध बोकडाचं मटण. हे सगळं बाकीच्यांना मिळणार होतं. गुरुजींना मटण पचत नसे आणि डोंगर त्यांनी पाहिलेले होते. त्यांना मिळणार होते श्रोते. त्रांग आनची नाव एकदा घाटावरून सुटली की तीन तास माणसाला उतरता येत नाही, या एका गोष्टीवर त्यांनी सगळी सहल उभारली होती.

गुरुजी हाय फोंगच्या शाळेतून इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. होआ लूच्या दोन राजांची एकच राणी, हा त्यांचा खास विषय. पहिला राजा मारला गेला, मुलगा लहान, सीमेवर शत्रू. तेव्हा राणीने राजवस्त्र सेनापतीच्या खांद्यावर घातलं आणि पुढे त्याच्याशीच लग्न केलं. तिने राज्य वाचवलं की नवऱ्याच्या घराण्याला दगा दिला, यावर गुरुजींचं व्याख्यान तयार होतं. ते शेवटपर्यंत कोणी ऐकलं नव्हतं. गल्लीत गुरुजी दिसले की लोकांना घरातला गॅस चालू राहिल्याचं आठवे. त्यामुळे सहलीची आखणी त्यांनी दुसऱ्या कोणाला करूच दिली नाही. गाडी त्यांनी ठरवली, लॉज त्यांनी पाहिलं, नावेत कोण कुठे बसणार तेही कागदावर लिहून ठेवलं. लॉजच्या मालकाने भाडं इतक्या पटकन उतरवलं की गुरुजींना स्वतःच्या घासाघिशीचं नवल वाटलं. गाडीवाल्यानेही तसंच केलं. दोघांनी पैसे मात्र आगाऊ आणि परत न मिळण्याच्या बोलीवर घेतले.

शेजारच्या लुआबाई गुरुवारी सहज डोकावल्या. माशांच्या सॉसचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून गल्लीच्या तिथी-मुहूर्तांचा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उचलून शनिवार पाहिला आणि पान हातात धरूनच विचारलं,

"गुरुजी, हा दिवस तुम्ही काढलात?"

"मीच. शनिवार आहे. सगळ्यांना सोयीचा."

"शनिवार वर लिहिलाय. खाली वाचा."

खाली बारीक अक्षरात चांद्र महिन्याची तारीख होती. सप्तमी. सप्तमीला इकडे कोणी प्रवासाला निघत नाही. गुरुजींनी हे खालचे आकडे जन्मात वाचले नव्हते. ते अंधश्रद्धेचं मूळ आहेत असं त्यांनी तीन पिढ्यांना शिकवलं होतं. भाडं का उतरलं होतं, ते आता त्यांच्या लक्षात आलं. पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

तासाभरात गल्लीला बातमी कळली आणि लुआबाईंसकट सहलीला येणाऱ्या पाचही शेजाऱ्यांनी नावं मागे घेतली. गुरुजी प्रत्येकाच्या दारात गेले. विज्ञान सांगितलं, भूगोल सांगितला, शेवटी मटणाचं सांगितलं. उपयोग झाला नाही. तोडगा काढला तो किएमने. किएम बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला, म्हणजे अवजड वस्तू इकडची तिकडे कशी न्यावी हे जाणणारा. त्याचं म्हणणं, बंदी सप्तमीला निघायला आहे, प्रवासात असायला नाही. शुक्रवारी, षष्ठीला, आपापल्या घरातून सामान घेऊन बाहेर पडायचं आणि गुरुजींकडे मुक्काम करायचा. शनिवारी आपण निघत नाही, वाटेतच आहोत.

लुआबाईंनी बराच विचार करून ते मान्य केलं. त्यांच्या सासूबाईंनी एकदा असं केलं होतं म्हणे. गुरुजी आणि त्यांची बायको थोआ स्वतःच्याच घरात राहणार, म्हणजे त्यांचं निघणं षष्ठीला होणार नाही, हेही निघालं. गुरुजी म्हणाले, मी मानत नाही. थोआला कोणी विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी प्रस्थान झालं. किएम टोपी आणि गॉगल घालून, बॅग ओढत समोरच्या दारातून निघाला आणि गल्ली ओलांडून गुरुजींच्या दारात पोचला. त्याची बायको सहलीला येणार नव्हती. किएम दोन दिवस घरात नसणं हीच तिची सहल होती. तिने हात हलवून निरोप दिला, दार लावलं आणि पाय वर घेऊन टीव्ही लावला.

मग किएमला आठवलं की रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या. त्याने चपला घातल्या तशा लुआबाई दारात आडव्या झाल्या. निघालेला माणूस विसरलेल्या वस्तूसाठी मागे फिरला की केलेलं सगळं वाया जातं. किएमने गल्लीतून हाक मारली, बायकोने खिडकीतून गोळ्या फेकल्या. ते पाहून बाकीच्यांनाही आठवू लागलं. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याला पाण्याची मोटर बंद केल्याची खात्री नव्हती. त्यांच्या मेव्हण्याच्या पिंजऱ्यातल्या बुलबुलावर कापड घालायचं राहिलं होतं. लुआबाईंच्या देव्हाऱ्यात दिवा होता. निघालेल्यांना मागे फिरता येत नव्हतं. न निघालेली एकच होती. किएमची बायको तीन घरांच्या किल्ल्या घेऊन जिने चढत-उतरत राहिली.

"वहिनी, तेवढं पाण्याचं पण बघा," वरच्यांनी सांगितलं.

"बघते ना. मी काय, घरीच आहे," ती म्हणाली, आणि ज्या नजरेने तिने नवऱ्याकडे पाहिलं त्यावरून षष्ठीसुद्धा फारशी शुभ नसावी.

इकडे गुरुजींच्या ध्यानात एक गोष्ट आली. ही माणसं घरी जाऊ शकत नव्हती. नावेचं काम घरातच होत होतं. थोआने सगळ्यांना खेकड्याच्या रश्श्यातल्या शेवया वाढल्या आणि गुरुजींनी घसा साफ करून राणीच्या विषयाला हात घातला. राजा मरेपर्यंत ते पोचलेही. तेवढ्यात किएमने आणखी शेवया मागितल्या, लुआबाईंनी पत्ते काढले आणि मेव्हण्याने कॅराओकेचा माइक. गुरुजींनी राणीला विधवा अवस्थेत तिथेच सोडलं. उद्या पाण्यावर कुठे जातील, असा त्यांनी हिशेब केला.

सकाळी गाडी आली. सामान चढलं. लुआबाईंचा एक पाय पायरीवर होता, तेव्हा त्यांनी सहज चालकाला विचारलं, तुम्ही घरून कधी निघालात.

"आत्ताच की. सकाळी."

"आज?"

"मग काय काल येऊन बसू?"

लुआबाईंनी पाय खाली घेतला. आपण षष्ठीला निघालो, पण गाडी सप्तमीला निघाली. आपण शुभ, चाकं अशुभ. मग जायचं कशावर? गाडीला आदल्या दिवशी कुठे मुक्कामाला ठेवायचं, याचा विचार किएमने केला नव्हता. गुरुजींनी आवाज चढवला, तर्काची ही कोणती तऱ्हा, असं विचारलं.

"गुरुजी, होऊन गेलेलं तुम्ही बघा," लुआबाई शांतपणे म्हणाल्या. "व्हायचंय ते आम्ही बघतो."

सामान उतरलं. पण ते घरी जाईना. अष्टमीला परतायचं ठरवून निघालेला माणूस सप्तमीलाच घरात शिरला तर ते आणखी वाईट. म्हणजे पाचही जणांचा मुक्काम उद्या संध्याकाळपर्यंत गुरुजींकडेच. कालच्या पत्त्यांचा डाव तसाही अर्धा होता. ही मंडळी आत वळली, तेव्हा थोआ पिशवी घेऊन बाहेर येत होती.

"वहिनी, तुम्ही कुठे?"

"सहलीला."

"आज सप्तमी आहे."

"असू दे."

"आणि आमचं जेवण?"

"तांदूळ खालच्या डब्यात आहेत," थोआ म्हणाली आणि गाडीत सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन आडवी झाली.

सोळा जणांच्या गाडीत दोघं. गुरुजी पुढे बसले आणि त्यांनी चालकाला विचारलं, होआ लूबद्दल काय माहिती आहे. चालकाने रेडिओ मोठा केला.

एरवी गजबजलेला त्रांग आनचा घाट मोकळा होता. सप्तमीला घराबाहेर पडतात दोनच प्रकारचे लोक. एक, ज्यांना तिथी ठाऊकच नाही ती तरुण मुलं. दुसरे, ज्यांना ठाऊक आहे आणि जे ती मानत नाहीत हे जगाला दाखवायला निघतात. म्हणजे निवृत्त शिक्षक. घाटावर असे तिघे उभे होते. एक थाई बिन्हचे, एक हुंग येनचे, एक थान होआचे. तिघांच्या बगलेत फाइल होती. तिघांचेही सोबती आयत्या वेळी गळाले होते. थोआने त्यांना लांबूनच ओळखलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ही जात तिला उभं राहण्यावरून कळे.

"अहो, त्या नावेत एकच जागा आहे. तुम्ही बसा."

"आणि तू?"

"मी मागच्या नावेतून येते."

मागच्या नावेत तीन मुली होत्या. त्या आपापल्या फोनमध्ये गर्क होत्या. थोआने नीट पाहून तीच निवडली.

नाव सुटली. काठ हाताच्या अंतराबाहेर जाईपर्यंत गुरुजींनी वाट पाहिली, मग फाइल उघडली आणि घसा साफ केला. नावेत एकाच वेळी चार घसे साफ झाले.

थान होआचे म्हणाले, सेनापती मुळात आमच्या तालुक्यातला. थाई बिन्हच्यांनी तळाच्या फळीवर नकाशा पसरला आणि त्यावर पाय न देण्याची सूचना केली. हुंग येनचे राणीच्या बाजूचे होते, गुरुजी विरुद्ध. थांबायला कोणीच तयार नव्हतं, कारण प्रत्येकजण याच तीन तासांसाठी घरून निघाला होता. गुहेत शिरताना डोकी खाली घालावी लागतात, तोंडं बंद करावी लागत नाहीत. मागच्या नावेत थोआ पाण्यात बोटं सोडून बसली होती. पुढून गुहेतला घुमणारा आवाज येई, पण शब्द कळत नसत.

शेवटच्या वळणावर वाद मिटेना, तेव्हा गुरुजींनी वल्ही मारणाऱ्या बाईकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही इथल्याच. तुम्ही सांगा. राणीचं चुकलं का?"

"तिचं काय, सोपं होतं," वल्ह्याला जोर देत ती म्हणाली. "तिला दोघंच, तेही एकामागून एक."

ही गोष्ट थोआने परत आल्यावर सांगितली. तिला त्या बाईनेच घाटावर सांगितली होती. गुरुजींना ती आठवत नाही. ते त्या वेळी पुढच्या मुद्द्यावर गेले होते.

हिशेब असा. पाच जणांची दोन दिवसांची सहल गुरुजींच्या घरी झकास झाली. थोआला तीन तास नुसतं पाणी ऐकायला मिळालं. चौघा गुरुजींची चार व्याख्यानं पहिल्यांदाच शेवटपर्यंत पोचली. एक दमडी कमी न करता या सगळ्याची किंमत मोजली ती त्या नावाडीण बाईने, कारण दोन्ही हात वल्ह्यांत अडकलेले असल्यामुळे तिला ते कानांवर ठेवता येत नव्हते.