दिव्यांचं मी बघतो!

"दिव्यांचं मी बघतो," असं मी सहज बोलून गेलो. तोंडात घास असताना माणसाने काही कबूल करू नये, पण मी नेमका तेव्हाच उदार होतो.

झालं असं की, माझी बायको गेली दोन वर्षं तळ्यावर कयाक चालवते. (कयाक म्हणजे लांबुळकी, निमुळती होडी. आत पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. मी आजवर फक्त काठावर उभा राहून टॉवेल धरला आहे.) तिच्या क्लबची वर्षातून एकदा रात्रीची सफर निघते, तळ्यातल्या बेटापर्यंत आणि परत. दोघांच्या होडीत तिच्याबरोबर माझी मेहुणी असायची. पण यंदा ती घरातल्या घरात स्टुलावरून पडली आणि तिचा हात प्लास्टरमध्ये गेला. क्लबमधले दाताचे डॉक्टर त्या रिकाम्या जागेवर डोळा ठेवून होते. त्यांना दंड आहेत. (तसे मलाही आहेत, पण शर्टाच्या बाह्यांना अजून ते कळलेलं नाही.)

"मी येतो की," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "शनिवारी संध्याकाळी चाचणी आहे. शिकवणाऱ्या मॅडमनी पास केलं तरच सफर, नाहीतर मला डॉक्टरांबरोबर जावं लागेल. आणि होडीला दिवा लागतो."

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

त्यात फुशारकी नव्हती. मी नगरपालिकेत रस्त्यावरच्या दिव्यांच्या तक्रारी घेणारा कारकून आहे. लोक येतात ते 'उजेड नाही' म्हणून. 'उजेड फार झाला' म्हणून भांडायला आजवर एकही माणूस माझ्या टेबलापाशी आलेला नाही. तेव्हा उजेड जितका जास्त तितकं बरं, हे माझं नोकरीत तयार झालेलं पक्कं मत आहे.

"एकच पांढरा दिवा आण," बायकोने बजावलं. "चहूकडून दिसणारा, काठीवर बसणारा. तो माझ्या पाठीमागे लावायचा, म्हणजे दुसऱ्यांना आपण दिसतो आणि आपल्या डोळ्यांवर येत नाही. बस्स."

एक दिवा! आमचे साहेब गल्लीच्या तोंडाशीसुद्धा दोन मंजूर करतात.

"किती ल्युमेनचा, म्हणजे किती उजेडाचा देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"तुमच्याकडे किती आहेत?"

"कशासाठी हवाय?"

"बायकोच्या सुरक्षिततेसाठी."

हे ऐकताच त्याने खालचा खण बंद केला आणि शिडी लावून वरच्या फळीवरचा माल काढला. काठीवरचा दिवा घेतलाच. शिवाय होडीच्या नाकावर लावायचे लाल-हिरवे, दंडाला बांधायचा चमकता पट्टा, आणि कपाळावरचा हेडलॅम्प. त्याच्या खोक्यावर एक माणूस गुहेत उभा होता आणि गुहा पार शेवटपर्यंत दिसत होती. मला अगदी असंच काहीतरी हवं होतं.

घरी रंगीत तालीम घेतली. सोफा ही होडी, दोन झाडू ही वल्ही. होडी वळवायचं काम मागच्याचं, म्हणून मागे दमदार गडी बसवतात. म्हणजे बायको मागे, मी पुढे. (हा नियम मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.) खोलीतले दिवे घालवले, हेडलॅम्प लावला आणि मी मागे वळलो.

"कसा आहे?"

"आई गं! बंद कर तो!"

"अगं, पण उजेड बघ ना केवढा!"

"माझ्याकडे बघून बोलू नकोस!"

लग्न झाल्यापासून तिची तक्रार होती, की मी पेपरात तोंड घालून बोलतो, तिच्याकडे बघून बोलत नाही. ती सवय मी मोठ्या कष्टाने लावून घेतली होती, आणि आता हे!

आतून आई आली आणि दारातच थबकली. "लाइट गेली की आली?"

"आई, आम्ही कयाक चालवतोय."

"चालवा बापडे. पण सूनबाई, भिंतीच्या कडेकडेने चालव गं."

शनिवारी अंधार पडायच्या सुमारास आम्ही तळ्यावर पोचलो. मॅडमच्या गळ्यात शिट्टी होती आणि चेहऱ्यावर कुठलंही कारण ऐकून न घेण्याची तयारी. "लुकलुकणारा दिवा म्हणजे मदत हवी," त्यांनी सांगितलं. "वल्हं उभं धरून हलवलं, तरी मदत हवी. असं दिसलं की सगळ्यांनी ताबडतोब तिकडे जायचं." मी जोरात मान हलवली. माझं लक्ष हेडलॅम्पचा पट्टा आवळण्यात होतं.

"नुसता मागचा ठेवू या रे," बायको हळूच म्हणाली.

"असू दे गं. असलेला बरा."

पाण्यात उतरलो. पहिली काही वल्ही झकास पडली. मला इतका आनंद झाला, की तो सांगायला मी मागे वळलो.

"अगं, जमतंय की!"

"मला दिसेनासं झालं! पुढे बघ!"

"सॉरी," म्हणायला मी पुन्हा वळलो.

होडी सरळ काठच्या लव्हाळ्यात शिरली. मी घाईघाईने हेडलॅम्पचं बटण दाबलं. तो विझायच्या ऐवजी लुकलुकायला लागला. पुन्हा दाबलं, तर आणखी जोरात. लांबून शिट्टी वाजली. तळ्यावरचे सगळे पांढरे दिवे एकदम वळले आणि आमच्या दिशेने यायला लागले.

"काही झालेलं नाही! आम्ही ठीक आहोत!" असं ओरडत मी वल्हं उभं धरून जोरजोरात हलवलं.

दिव्यांचा वेग वाढला.

सर्वांत आधी दाताचे डॉक्टर पोचले. त्यांनी आमच्या होडीला दोरी बांधली, जराशी हलवून अंदाज घेतला आणि एका झटक्यात आम्हाला लव्हाळ्यातून उपटून काढलं. "दुखलं नाही ना?" असंही विचारलं.

काठावर बायकोने एकटीनेच होडी ओढून वर घेतली. मी खाली बसून एकेक दिवा पिशवीत टाकू लागलो.

"मॅडम, चूक माझी आहे," मी म्हणालो. "हिची चाचणी डॉक्टरांबरोबर घ्या. ही चांगली चालवते." मग बायकोकडे वळलो. (या खेपेला खाली मान घालून.) "मला कयाकचं तसं काही पडलेलं नाही गं. मी इथे टॉवेल धरून उभा असतो. तू लांब जात जात ठिपक्याएवढी होतेस, आणि परत येतेस ती हसत येतेस. तिकडे काय असतं, ते मला तुझ्याबरोबर बघायचं होतं."

बोलून झाल्यावर मी रुमालाने नाक पुसलं. (थोडी सर्दीही होती.)

तिने माझ्या कपाळावरचा हेडलॅम्प सोडवला आणि पिशवीच्या तळाशी कोंबला. "मॅडम, अजून एक फेरी देता? फक्त मागच्या दिव्यावर."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या दोरीकडे. "एकच," त्या म्हणाल्या.

मागे वळायचं नाही, ही बायकोची अट. सुरुवातीला मला काहीच दिसेना. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "थांब जरा. डोळ्यांना सवय होऊ दे." मी थांबलो. हळूहळू पाणी दिसायला लागलं, मग काठची झाडं, बेटाची काळी पाठ, आणि वर इतके तारे, की मी बघतच राहिलो. (यांतल्या एकाचीही तक्रार आमच्या कार्यालयात आलेली नाही.) आपण इतके दिवस काठावर का उभे होतो, तेच मला कळेना.

"हे असं असतं?" मी समोर बघत विचारलं.

"असंच असतं," मागून तिचा आवाज आला. ती हसत होती, ते न बघताही कळलं. "आता उजवीकडे मार. हळू. हां, अस्सं."

आमची वल्ही बरोबरीने पडायला लागली. बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि तरी भांडण झालेलं नव्हतं. आमच्या घरात हे क्वचित घडतं.

"पास!" काठावर येताच मॅडमनी जाहीर केलं. बायकोने माझा हात घट्ट दाबला. टॉवेल नेहमीप्रमाणे मीच आणला होता, पण या खेपेला तो मलाही लागला.

मग मॅडमनी सफरीचा क्रम सांगितला. सर्वांत पुढे त्या स्वतः, नंतर बाकीचे, मग आम्ही, आणि आमच्या लगेच मागे दाताचे डॉक्टर. मी छाती काढून डॉक्टरांकडे गेलो.

"बिनधास्त आमच्या दिव्यामागोमाग या," मी म्हणालो. "दिवा मी स्वतः निवडलाय."

"येतो ना," डॉक्टर दोरी गुंडाळत म्हणाले. "वहिनींनी हिच्यापेक्षा लांब दोरी आणायला सांगितली आहे."